ज्यांना काहीच झालं नव्हतं

४ फेब्रुवारी

ही डायरी लॅबला केमिकल पुरवणाऱ्या कंपनीच्या माणसाने फुकट दिली. प्रत्येक पानाच्या तळाशी त्यांच्या एखाद्या यंत्राचं चित्र आहे. आजच्या पानावर डीप फ्रीझर. गेल्या वर्षीचीही होती, ती मी दाराला पाचर म्हणून लावते. यंदा लिहिणार आहे. बोलायला कोणी नाही म्हणून लिहितेय असं काही नाही. दिवसभर लॅबमध्ये माणसं असतातच. काही गोष्टी नोंदवून ठेवाव्यात, एवढंच.

तर नोंद. आज निकाल आला, आणि चांगला आला.

पाठीचा कणा मोडला की त्यातून जाणारा मज्जारज्जू चिरडतो आणि खालचं शरीर मेंदूला पारखं होतं, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यानंतर त्या चिरडलेल्या जागी काय चालतं, ते आम्ही बघतो. पेशीत हजारो जीन असतात, पण सगळे एकदम कामाला लागत नाहीत. आईला मी समजावलं होतं, "घरात वीस दिवे आहेत, तू सगळे एका वेळी लावतेस का?" इजा झाली की काही दिवे विझतात, काही मंद होतात, काही मोठे होतात. आम्ही उंदरांच्या मज्जारज्जूत कोणता दिवा किती जळतोय ते मोजतो. चार वर्षं मी हेच करतेय.

आज एक दिवा सापडला. चेतातंतूंना वाढायला मदत करणारा जीन, इजा झालेल्या उंदरांत इजा न झालेल्यांच्या दुप्पट. म्हणजे शरीर स्वतःच दुरुस्तीला लागलंय, आपण फक्त वात आणखी वर करायची. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा आलेख बघितला. म्हणाले, "सध्या बाहेर बोलू नका." मी मान डोलावली आणि तासाभरात ताईला फोन लावला.

ताई म्हणाली, "छोटे, नीट सांग. म्हणजे मी उभी राहीन?"

"लगेच नाही गं."

"लगेच कोण म्हणतंय?"

"दिशा बरोबर आहे," मी म्हटलं.

घरी येऊन दोन अंडी उकडली. एरवी एकच उकडते.

५ फेब्रुवारी

आईचा फोन. "अगं, दिवा सापडला म्हणे!" शेजारीण, मामा, ताईला व्यायाम द्यायला येणारी बाई, सगळ्यांना सांगून झालं होतं. आईच्या तोंडात तीळ भिजत नाही. रागवणार होते, पण काल मीच काय दिवे लावले ते आठवलं आणि गप्प बसले.

शेवटी आई म्हणाली, "तू जेवलीस का?" आणि उत्तर यायच्या आत फोन ठेवला. ताईची कूस बदलायची वेळ झाली होती. बरोबरच आहे. वेळेवर कूस बदलली नाही तर पाठीला जखमा होतात.

११ फेब्रुवारी

आज दिवसभर प्राण्यांच्या खोलीत. तिथला सगळा कारभार बघणारा माणूस बोलायचा थांबत नाही, म्हणून त्याला सगळे रेडिओ म्हणतात. तो स्वतःही फोनवर "हां, रेडिओ बोलतोय" म्हणतो.

इजा झालेल्या उंदरांना लघवी करता येत नाही. म्हणून सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाला हातात घेऊन पोट हलकेच दाबून मूत्राशय रिकामं करावं लागतं. रेडिओ उंदराला टॉवेलात गुंडाळतो, छातीशी धरतो आणि दाबता दाबता त्याला आपल्या मेहुण्याच्या कागाळ्या सांगतो. उंदीर ऐकून घेतात. त्यांना दुसरं करण्यासारखं काय आहे म्हणा.

तुलनेला दुसरा गट लागतो. त्यांचं खोटं ऑपरेशन होतं: तीच भूल, कातडी तशीच कापायची, हाडाचा तसाच तुकडा काढायचा, तसेच टाके. फक्त मज्जारज्जूला धक्का लावायचा नाही. म्हणजे दोन गटांत जो फरक उरेल तो निव्वळ इजेचा. लॅबमध्ये आम्ही त्यांना 'खोटे' म्हणतो आणि इजा झालेल्यांना 'खरे'. टाके कुरतडू नयेत म्हणून ऑपरेशननंतर दोन्ही गटांतल्या प्रत्येकाला स्वतंत्र पिंजरा मिळतो.

खोट्यांचा काही त्रास नाही. खातात, पितात, आपलं आपण उरकतात. रेडिओ वरून दाणे टाकतो आणि पुढे जातो. त्यांना काही झालेलंच नसतं, तर कोण कशाला बघणार? मला ते आवडतात. शहाणी मंडळी.

१९ फेब्रुवारी

ताईकडून बातमी.

ताई भूगोल शिकवायची. पाच वर्षांपूर्वी शाळेच्या ओल्या जिन्यावरून पाय घसरला आणि कमरेखालचं सगळं गेलं. तेव्हा मी स्नायूंवर काम करत होते. दवाखान्याच्या बाकावर आई म्हणाली, "तुझं शिक्षण काय कामाचं मग?" दुसऱ्या वर्षी मी कण्याकडे वळले. आई आता ताईकडेच राहते. भावोजी आहेत, नर्स येते, व्यायामाची बाई येते. घर भरलेलं असतं. मी इकडे. कोणीतरी काम करायलाच हवं.

तर बातमी अशी की शाळेने ताईसाठी तळमजल्यावरचा वर्ग मोकळा केलाय. दाराचा उंबरा काढला, फळा खाली घेतला. मुख्याध्यापिका स्वतः घरी येऊन विचारून गेल्या. मार्चअखेर हो किंवा नाही कळवायचं, नाहीतर ती जागा दुसरीला देणार.

"मग? कळवलंस?"

"नाही म्हणणार आहे," ताई म्हणाली. "खुर्चीत बसून परत त्याच पोरांसमोर जाऊ? आता थोड्या दिवसांसाठी कशाला? उभी राहूनच जाईन. तूच म्हणालीस ना, दिशा बरोबर आहे."

मी म्हटलं, "हो, पण..." आणि विषय बदलला. खरं सांगायचं तर जरा बरंही वाटलं. पाच वर्षांत पहिल्यांदा माझ्या बोलण्यावर कोणी काहीतरी ठरवलं.

२६ फेब्रुवारी

रेडिओच्या मुलीला मुलगा झाला, तो दोन आठवडे रजेवर. बदलीवर जो यायचा होता तो आला नाही. उंदरांची सकाळ-संध्याकाळ माझ्या गळ्यात. चार वर्षं यांचे मज्जारज्जू मोजतेय, पण जिवंत उंदीर हातात घेऊन बसायची वेळ आली नव्हती. ते माझ्याकडे येतात तेव्हा काचेच्या नळीत असतात.

पहिल्या उंदराने माझ्या बाहीवरच सगळं मोकळं केलं. रेडिओला फोन केला तर हसत सुटला. म्हणाला, "मॅडम, बोलत राहा. गप्प बसलात की ते आखडतात."

काय बोलणार? त्यांना वीजबिलाबद्दल सांगितलं.

१ मार्च

आज जे दिसलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

पिंजऱ्याचं झाकण उघडलं की खरे पुढे येतात. मागचे पाय नाहीत, तरी पुढच्या दोन पायांवर अंग ओढत जाळीशी येतात आणि तोंड वर करतात. हे मी चार दिवस बघतेय. मला वाटायचं, दाण्यांसाठी.

दाणे टाकायला मग खोट्यांचे पिंजरे उघडले. चारही पाय धड असलेले हे उंदीर मागच्या कोपऱ्यात चिकटून बसले. एकाने भीतीने जागीच मुतलं. एकाने चाटून चाटून स्वतःच्या पोटावरचे केस काढून टाकलेत, तिथे नुसती गुलाबी कातडी आहे. मी हात घातला तर कडकडून चावला.

बोटाला औषध लावता लावता लक्षात आलं. मी ज्यांना 'काही न झालेले' धरून चालले होते, ते हे. त्यांच्या मानाने खऱ्यांचा दिवा दुप्पट. पण दोन गटांत फरक निव्वळ इजेचा उरलाच नव्हता. खऱ्यांना दिवसातून दोनदा कोणीतरी छातीशी धरत होतं. खोट्यांना ऑपरेशनच्या टेबलावरून उचललं, त्यानंतर कोणाचाही हात लागला नव्हता.

असेल, नसेलही. एका चावऱ्या उंदरावरून चार वर्षं पाण्यात गेली असं ठरवणं म्हणजे कावळा बसायला आणि फांदी मोडायला.

२ मार्च

जेवले नाही. भूक नव्हती.

५ मार्च

वरच्या मजल्यावर उंदरांची पैदास होते. तिथल्यांचं कसलंच ऑपरेशन झालेलं नाही, एकेका पिंजऱ्यात चार-पाच असतात आणि एकमेकांच्या अंगावर ढीग करून झोपतात. त्यांतले थोडे घेतले. शितावरून भाताची परीक्षा, पण शीत तरी हवं.

यंत्राने दुपारी आकडे दिले. मी खुर्ची ओढून पडद्यापुढे बसले आणि उठायचं विसरले.

पैदास-खोलीतल्या उंदरांचा दिवा अगदी खऱ्यांइतकाच. म्हणजे इजेनंतर तो मोठा झालाच नव्हता. जसा होता तसाच राहिला होता. मंद झाला होता तो खोट्यांचा. आम्ही विझत चाललेल्याच्या शेजारी साधा दिवा ठेवून म्हणत होतो, बघा किती उजेड.

ताईच्या शरीरात दुरुस्ती वगैरे काही सुरू नाही. निदान या दिव्यात तरी नाही.

७ मार्च

सरांना सांगितलं. दार लावून घेतलं होतं. मला वाटलं ते भडकतील. ते आलेखावर बोट ठेवून म्हणाले, "टाके कुरतडू नयेत म्हणून वेगळे ठेवा, हे मीच लिहिलं होतं. वीस वर्षं सगळे असंच ठेवतात."

"शोधनिबंध?"

"थांबवतो. पण एवढ्याशा उंदरांवर निकाल मागेही घेता येत नाही. नव्याने खोटी ऑपरेशनं करून घ्या. निम्म्यांना नेहमीसारखं ठेवा, निम्म्यांना खऱ्यांसारखंच रोज दोनदा हातात घ्या. तीन आठवडे. मग बोलू." मी दाराशी पोचले तेव्हा म्हणाले, "तुमच्या बहिणीला सांगितलंत का?"

त्यांना माहीत होतं. मी तासाभरात फोन केला तो त्यांच्याच खोलीबाहेर उभी राहून.

"निकाल आला की सांगेन," मी म्हटलं.

१४ मार्च

रेडिओ परत आला, खिशात नातवाचे फोटो. नवीन पद्धत समजावली. त्याचा चेहरा पडला.

"म्हणजे मी हातात घ्यायचो म्हणून तुमचं काम नासलं?"

"नाही हो. तुम्ही केलंत ते करायलाच हवं होतं. बाकीच्यांना कोणी घेतलं नाही, तिथे चुकलं."

"पण त्यांना झालंय काय? कशासाठी घ्यायचं?"

हेच तर मीही म्हणत होते. आता वाटून घेतलंय: खऱ्यांना तो बघतो, नवीन खोट्यांतले निम्मे माझ्याकडे. टॉवेलात घेते, छातीशी धरते. पहिले चार दिवस चावले. आता एक जण बाहीत शिरून बसतो. त्याला काढून परत पिंजऱ्यात ठेवायचं काम अवघड आहे, बाहीत नखं अडकतात.

त्या खोलीत माझा जास्त वेळ जातोय. कामच तसं आहे.

१७ मार्च

निळा ड्रेस दान करायच्या पिशवीत टाकला. चांगला आहे, पण त्याची चेन पाठीवर आहे आणि एकटीला ती वरपर्यंत जात नाही. आधी दोरी बांधून ओढायचे. दोरी तुटली. उगाच कपाट कशाला अडवा.

२२ मार्च

दोन दिवस ताप. स्वतःच्या कपाळावर स्वतःचा हात ठेवला तर काही कळत नाही, हातही तेवढाच तापलेला असतो. थर्मामीटर होता म्हणून बरं. उंदरांना रेडिओने सांभाळलं. माझ्या वाटणीच्यांनाही दोन्ही वेळा घेतलं, म्हणाला, "तुमचा तो बाहीवाला तुम्हाला शोधत होता." काहीतरीच.

आज रविवार, म्हणून ठरलेला फोन. आईने ताईचं सांगितलं: नवीन गादी आली, पायाची सूज उतरली, मुख्याध्यापिकांचा पुन्हा फोन आला होता आणि ताईने "विचार पक्का आहे" म्हणून कळवलं. कागदावर सही तेवढी राहिलीय.

"तुझा आवाज का असा?" आईने विचारलं.

"जरा सर्दी."

"काळजी घे हो. तुला काही होऊन चालायचं नाही. तुझ्यावरच सगळी भिस्त आहे."

नंतर ताई आली. "छोटे, काय चाललंय तुमच्या दिव्याचं?" सांगायचं ओठांवर आलं होतं. म्हटलं, "आकडे येतायत." खोटं नाही. पण खोटं बोलल्यासारखं वाटलं ते वाटलंच.

शेजारच्या घरात टीव्हीवर मालिका चालते. भिंतीतून ऐकून ऐकून मला तिची सगळी गोष्ट माहीत झालीय. तिच्यातला थोरला भाऊ कसा दिसतो तेवढं माहीत नाही.

२८ मार्च

निकाल. ज्यांना हातात घेतलं त्या खोट्यांचा दिवा मंद झाला नाही. पैदास-खोलीतल्यांसारखाच. ज्यांना घेतलं नाही त्यांचा निम्म्यावर. शंकेला जागा नाही. दुसऱ्या कोणाचा असता तर मी म्हटलं असतं, किती स्वच्छ प्रयोग.

बाहीवालाही या आकड्यांतच आहे. मज्जारज्जू काढायला काल त्याला मीच शेवटची भूल दिली. नेहमीप्रमाणे बाहीत शिरायला बघत होता. चार वर्षांत लॅबमध्ये मी कधी रडले नव्हते. काल मात्र हुंदके देऊन रडले. रेडिओने काही न बोलता खिडकी उघडली. रेडिओ न बोलता!

सर म्हणाले, "हाही निकालच आहे. लिहू आपण. ज्या ज्या लॅबमध्ये असं ठेवतात, त्यांना कळायला हवं." ते खरंच आहे. पण ताईच्या पायांसाठी त्याचा उपयोग काय?

तीन दिवसांत महिना संपतोय. ताई 'नाही'वर सही करणार, तीही माझ्या 'दिशा बरोबर आहे'वर. हे फोनवर सांगायचं नाही. उद्या सकाळच्या बसचं तिकीट काढलंय.

२९ मार्च

ताईचं घर. बाहेरच्या खोलीत, दिवाणावर बसून लिहितेय.

मी दारात दिसताच आईने विचारलं, "आणलंस?" तिला वाटलं असावं, औषधाची बाटलीच घेऊन आले.

ताई खिडकीशी, खुर्चीत. केस पांढरे व्हायला लागलेत, ते फोनवर दिसत नाहीत. मी प्रस्तावना करत होते तेवढ्यात म्हणाली, "नाही झालं ना?"

"कशावरून?"

"तू न सांगता आलीस. चांगली बातमी असती तर फोन केला असतास."

मग सगळं सांगितलं. खरे, खोटे, रेडिओ, दिवा मोठा झालाच नव्हता. आई मधेच म्हणाली, "पण चार वर्षं मोजत होतीस ना गं?" आणि पदराने डोळे टिपत आत गेली. ताईने चाकं फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

"ताई, शाळेला हो म्हण. वर्ग सोडू नकोस. माझ्यामुळे सोडू नकोस."

"मी पाच वर्षांत रडगाणं गायले का?" ती भिंतीशीच बोलत होती. "नाही गायले. मनाची समजूत घातली होती. घातलेली होती, छोटे! तू फोन करून उठवलंस मला. आता परत बसव. बसवता येतं का तुला?"

मी तिच्या खुर्चीकडे एक पाऊल टाकलं.

"बाहेर जा जरा," ती म्हणाली.

म्हणून बाहेर बसलेय. आत भावोजींचा हलका आवाज येतोय. नर्स येऊन गेली, व्यायामाची बाई येऊन गेली, प्रत्येक जण "तुम्ही कधी आलात?" म्हणाला आणि आत गेला. परतीची बस उद्या दुपारची आहे.

३० मार्च

सकाळी ताईने हाक मारली. "ए शास्त्रज्ञ. आत ये."

डोळे सुजलेले होते, पण आवाज वर्गातला. टेबलावर शाळेचा कागद. 'नाही'वर सही नव्हती. 'हो'वर होती, आणि इतकी दाबून केलेली की खालच्या कागदावरही उमटली होती.

"पोरं खुर्चीला हसली तर हसू देत. पहिल्या तासाला सगळ्यांना एकेक चक्कर मारू देते, म्हणजे विषय संपला." मग म्हणाली, "तुझ्यावरचा राग मात्र गेलेला नाही. तो राहील काही दिवस."

"राहू दे."

"आता मला ते उंदरांचं नीट सांग. काल मी ऐकलंच नाही."

मी पुन्हा सांगितलं. या वेळी तिने वर्गातल्यासारखे प्रश्न विचारले. ज्यांना इजा झाली त्यांना रोज घ्यायचे? हो. किती वेळा? सकाळ-संध्याकाळ. आणि धडधाकट होते त्यांना? कोणी नाही, कारण त्यांना काही झालंच नव्हतं.

"आणि त्यांचंच विझत गेलं."

"विझलं नाही. निम्म्यावर आलं."

ताई माझ्याकडे बघत राहिली. आलेख बघताना सर बघतात तसं. मग म्हणाली, "मला दिवसातून दहा वेळा कोणीतरी उचलतं. वळवतं, पुसतं, चोळतं. हातांचा वीट आलाय मला. तुला शेवटचा कोणी हात लावला, छोटे?"

हा काय प्रश्न आहे? तरी मी आठवून बघितलं. प्रश्न विचारला की नीट उत्तर द्यायची सवय आहे मला.

"जानेवारीत. रक्त तपासायला दिलं होतं. नर्सने दंड धरला होता."

ताई एकदम खिडकीकडे बघायला लागली. म्हणाली, "तो कंगवा दे. आणि खाली बस, पाठ माझ्याकडे कर."

"अगं, मी विंचरून आलेय."

"दिसतंय ते. बस."

बसले. लहानपणी शाळेत जायच्या आधी असंच बसवायची, गुडघ्यांत धरून, मान हलली की टपली. आता गुडघे धरू शकत नाहीत, म्हणून तिने डाव्या हाताने माझं डोकं धरलं. हात गरम होता. कंगवा हळूहळू खाली येत होता. गुंता खूप होता, मागच्या बाजूचा, माझा हात पोचत नाही तिथला. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि थांबेना. मी म्हटलं, "ओढतेयस तू." ती ओढत नव्हती.

आई चहा घेऊन दारात आली, आम्हाला बघून तशीच थांबली. मग कप खाली ठेवून माझ्या कपाळाला हात लावला. "हिला कणकण आहे की गं! सांगितलं का नाहीस?"

वेणी घालता घालता ताई म्हणाली, "पुढच्या रविवारी फोन करायचा नाही."

मला वाटलं, राग. म्हटलं, "बरं."

"फोन करायचा नाही, यायचं. दर रविवारी. सकाळच्या बसने."

"दर रविवारी? अगं, काम असतं. आणि मला काय झालंय? मी ठणठणीत आहे."

ताईने वेणी शेवटापासून पुन्हा सोडली आणि पहिल्यापासून विंचरायला घेतलं.

दुपारची बस चुकली.